सांधा उकलण्याची विद्या : जुन्या मोटारींचे स्पॉट वेल्ड आणि त्यांची हत्यारे

जुनी मोटार पुन्हा मूळ रूपात उभी करायची म्हटली की सर्वसाधारण माणसाच्या डोळ्यांसमोर नवा रंग, चकाकणारा बंपर आणि सुरळीत चालणारे इंजिन येते. परंतु पत्र्याचे काम जाणणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने या साऱ्याच्या आधीची आणि अधिक निर्णायक पायरी म्हणजे गंजलेला पत्रा त्याच्या शेजारच्या निरोगी पत्र्यापासून इजा न करता वेगळा करणे ही होय. मोटारीच्या बॉडीतील पत्रे खिळ्यांनी किंवा स्क्रूंनी जोडलेले नसतात, तर ठरावीक अंतरावर मारलेल्या लहान लहान वेल्डनी एकमेकांना धरून असतात. त्यांना ‘स्पॉट वेल्ड’ म्हणतात. हे ठिपके नीट उकलले तर शेजारचा पत्रा, त्याची वळणे आणि गाडीची मूळ मापे शाबूत राहतात, आणि ते ओरबाडले तर पुढे कितीही कुशल वेल्डर आणि पेंटर मिळाला तरी गाडी पूर्वीसारखी होत नाही.

या विषयाचा ठाणे जिल्ह्याशी आणि मुंबईच्या आसपासच्या प्रदेशाशी जवळचा संबंध आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना कुर्ल्याला होता, आणि फियाट ११०० या इटालियन मोटारीची भारतीय आवृत्ती तेथे तयार होत असे. हीच मोटार १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. कल्याण-डोंबिवली परिसरात याच कंपनीचा आणखी एक कारखाना होता, जेथे १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ ही फ्रेंच बनावटीची मोटार जोडली जात असे. दुसरीकडे १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडण्यापासून महिंद्रांच्या वाहन उद्योगाची सुरुवात झाली, आणि पुढे त्या घराण्यातल्या जीपा शेतापासून घाटापर्यंत ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र पोहोचल्या. भातसा नदीकाठचे सापगाव ज्या शहापूर-मुरबाड मार्गावर आहे, तशा रस्त्यांनी माणसे आणि माल वाहणाऱ्या गाड्यांच्या कित्येक पिढ्या पाहिल्या आहेत. अशा गाड्यांपैकी जी एखादी आज गोठ्याशेजारच्या पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते, तिचे पुनरुज्जीवन शक्य आहे की नाही, हे बहुतेक वेळा तिच्या इंजिनावरून नव्हे, तर तिच्या पत्र्यावरून ठरते.

ठिपका कसा जन्माला येतो

स्पॉट वेल्ड उकलण्याआधी तो कसा बनतो हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण प्रत्येक हत्याराची रचना त्या घडणीवरून ठरलेली आहे. दोन पत्रे एकावर एक ठेवून तांब्याच्या दोन टोकांमध्ये दोनशे ते तीनशे किलोच्या वजनाइतक्या दाबाने आवळले जातात, आणि त्या टोकांतून सेकंदाच्या पाचव्या भागाइतक्या अल्प वेळासाठी आठ ते दहा हजार अँपिअरचा विद्युतप्रवाह सोडला जातो. व्होल्टेज अवघे काही व्होल्टच असते. परंतु वाहकात निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जेम्स जूल यांनी मांडलेला नियम येथे कामाला येतो. तांबे विजेला फारसा विरोध करीत नाही आणि त्याची टोके आतून पाण्याने थंड ठेवलेली असतात, तर दोन पत्रे जेथे एकमेकांना टेकतात तेथे विरोध सर्वाधिक असतो. म्हणून पोलाद बाहेरून न वितळता नेमके मधल्या सांध्यावर वितळते आणि प्रवाह थांबताच दाबाखाली गोठते. अशा रीतीने दोन्ही पत्र्यांत अर्धी अर्धी रुतलेली, मसुराच्या डाळीसारखी चपटी गाठ तयार होते. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात या गाठीचा व्यास साधारण पाच मिलिमीटर असतो, आणि वरून पाहिले तर तांब्याच्या टोकाच्या दाबाने उमटलेला किंचित खोलगट गोल तेवढा दिसतो.

विद्युतरोधातून उपजणाऱ्या उष्णतेने धातू जोडण्याची ही पद्धत एलिहू थॉमसन या अमेरिकन संशोधकाने १८८०च्या दशकात विकसित केली. मोटारीच्या बॉडीत तिचे महत्त्व वाढले ते लाकडी सांगाड्याची जागा पूर्ण पोलादी बॉडीने घेतल्यावर. फिलाडेल्फियातील एडवर्ड बड यांच्या कंपनीचा या बदलात मोठा वाटा होता. १९३४ मध्ये आलेल्या सित्रोएनच्या ‘त्राक्सिओं आव्हां’ या फ्रेंच मोटारीने आणखी एक पाऊल टाकले : तिला वेगळी चासी नव्हती, बॉडीचे कवच हाच तिचा सांगाडा होता. या रचनेला ‘मोनोकॉक’ असे म्हणतात. १९५३ मध्ये इटलीत आलेली फियाट ११००ची नवी आवृत्ती याच रचनेची होती आणि पद्मिनी तिचीच वंशज. जीपला मात्र स्वतंत्र चासी असते आणि पत्र्याची बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. हा फरक पुढे हत्यार हातात घेताना फार मोलाचा ठरतो, कारण जीपचा फ्लोअर कापला तरी चाके आपल्या जागी राहतात. मोनोकॉक गाडीत मात्र दाराखालची पेटीसारखी पट्टी, जिला कारागीर ‘सिल’ म्हणतात, ती आधार न देता काढली तर संपूर्ण कवच मधोमध झुकू शकते.

पाऊस, चिखल आणि दोन पत्र्यांमधली फट

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात पावसाळ्याचे चार महिने हवा सतत दमट असते, कच्च्या रस्त्यांवरचा चिखल चाकांच्या कमानींत आणि सिलच्या पोकळीत साठतो आणि पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेली छोटी भोके त्याने बुजतात. गाडी वरून धुतली जाते, पण ही पोकळी आतून दिवाळीपर्यंत ओली राहते. स्पॉट वेल्डने जोडलेल्या दोन पत्र्यांच्या कडा ठिपक्यापुरत्याच एकजीव झालेल्या असतात. दोन ठिपक्यांच्या मधे केसाएवढी फट उरते आणि केशाकर्षणाने, म्हणजे बारीक फटीत पाणी आपोआप ओढले जाते त्या गुणधर्माने, ओल आत शिरते. फटीच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर आणि आतल्या टोकाशी कमी, या विषमतेमुळे आतला भाग अधिक वेगाने झिजतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्यामुळे तो फटीत फुगतो आणि दोन पत्र्यांना पाचरीसारखा एकमेकांपासून दूर रेटतो. म्हणूनच जुन्या गाडीचा गंज बहुधा सांध्यापासून सुरू होतो, आणि वरून रंग फुगलेला दिसेपर्यंत आतला पत्रा चाळणीसारखा झालेला असतो.

अशा वेळी गंजलेल्या भागावर नुसते पत्र्याचे ठिगळ मारून वरून लांबी (पुट्टी) भरण्याची पद्धत सर्रास आढळते. तिने गाडी रस्त्यावर येते, पण जुन्या गंजावर नवा पत्रा चढल्याने आणखी एक फट तयार होते, आणि दोन-तीन पावसाळ्यांनी तोच भाग अधिक मोठ्या तुकड्यात कापावा लागतो. खरे पुनरुज्जीवन करायचे तर खराब पत्रा सांध्यापर्यंत सोडवणे, आतला गंज साफ करणे आणि नव्या पत्र्याला जुन्याच ओळीवर बसवणे याला पर्याय नाही.

आधी ठिपके शोधणे

काम हत्याराने सुरू होत नाही, शोधाने सुरू होते. बॉडीवर रंगाचे अनेक थर, तळाशी डांबरी लेप आणि सांध्यांवर सीलर नावाचा रबरासारखा मसाला असतो, आणि या सर्वांखाली ठिपके लपलेले असतात. सीलर आणि डांबरी लेप गरम हवेच्या गनने मऊ करून पट्टीने खरवडला जातो, त्यानंतर तारेच्या ब्रशाने किंवा रंग काढण्याच्या चकतीने सांध्याची कड उघडी केली जाते. तरीही ठिपका दिसत नसेल, तर बारीक सँड पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून कडेवर हलकेच फिरवतात. सभोवतालचा पत्रा उजळतो आणि ठिपक्याचा खोलगटपणा गडद गोलाच्या रूपाने मागे उरतो. काही ठिकाणी दोन पत्र्यांमधे पातळ पाते घालून ते जेथे अडते तेथे वरून खूण करणे हाही खात्रीचा उपाय आहे. कडेवर ठिपके साधारण पंचवीस ते पन्नास मिलिमीटरच्या अंतराने असतात. म्हणजे दीड मीटरच्या एका कडेवर चाळीस मिलिमीटरच्या अंतराने सदतीस-अडतीस ठिपके भरतात, आणि एकच विसरला तरी पत्रा त्या जागी अडून फाटतो. म्हणून प्रत्येक ठिपक्यावर मार्कर किंवा खडूने खूण करणे आणि काढलेल्या ठिपक्यांची मोजदाद ठेवणे हा या कामाचा पहिला नियम आहे.

हत्यारे आणि त्यांचे स्वभाव

खूण झाली की प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर सेंटर पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्यासारखे हत्यार, ठेवून हातोडीने एक खळगा पाडला जातो. या खळग्याविना ड्रिलचे टोक गोलसर पृष्ठभागावरून घसरते आणि गाठीऐवजी शेजारचा निरोगी पत्रा पोखरते. स्प्रिंगवर चालणारा आपोआप ठोका देणारा पंच मिळाला तर एका हाताने काम होते आणि ठोका सर्वत्र सारख्या जोराचा बसतो.

त्यानंतर प्रश्न येतो तो कोणत्या पात्याने पोखरायचे याचा. घराघरांत असणाऱ्या साध्या ड्रिल बिटाचे टोक ११८ अंशांच्या कोनात निमुळते असते. अशा टोकाने वरच्या पत्र्यातली गाठ पूर्ण कापली जाईपर्यंत टोकाचा मधला भाग खालच्या पत्र्यातून आरपार गेलेला असतो. निकामी पत्रा वर आणि ठेवायचा पत्रा खाली असेल, तर ठेवायच्या पत्र्यालाच भोके पडतात. याच अडचणीवर उपाय म्हणून खास स्पॉट वेल्डचे बिट तयार झाले. त्याचे तोंड जवळजवळ सपाट असते आणि मध्यभागी पंचाच्या खळग्यात बसण्यापुरते एक बारीक टोक असते. त्यामुळे ते वरचा पत्रा तळापर्यंत एकसारखा कापते आणि खालच्या पत्र्यावर केवळ टोकाची खूण ठेवते. ही बिटे सहसा साडेसहा, आठ आणि दहा मिलिमीटर व्यासाची असतात आणि कोबाल्ट मिसळलेल्या हाय स्पीड पोलादाची घेतली तर धार अधिक काळ टिकते. पाच मिलिमीटरच्या गाठीसाठी आठ मिलिमीटरचे बिट वापरण्यात वाया काही जात नाही, कारण पंच थोडा बाजूला पडला तरी गाठ पूर्ण कापली जाते.

दुसरा प्रकार म्हणजे दातेरी वाटीसारखा कटर. त्याचा व्यास साधारण साडेनऊ मिलिमीटर असतो, मध्यभागी स्प्रिंगवर दबणारी पिन असते आणि कडेने करवतीचे दात असतात. हा कटर गाठ पोखरत नाही, तर तिच्याभोवती वर्तुळ कापतो. वरचा पत्रा मोकळा होतो आणि गाठीची टिकली खालच्या पत्र्याला चिकटून राहते, जी नंतर ग्राइंडरने सपाट करावी लागते. तो स्वस्त असतो आणि अनेक कटरांना दोन्ही बाजूंनी दात असल्याने एक बाजू झिजली की उलटवून वापरता येतो. मात्र दात नाजूक असतात, मशीन किंचित कलली तरी ते तुटतात, आणि गंजून खडबडीत झालेल्या पत्र्यावर पिन टिकत नाही. सपाट, सहज हात पोहोचेल अशा कडेसाठी कटर आणि अरुंद, वाकड्या जागेसाठी बिट, अशी विभागणी अनुभवी कारागीर करतात.

मोठ्या वर्कशॉपमध्ये याच कामासाठी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारी स्वतंत्र मशीन असते. तिला इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचा दांडा असतो, जो सांध्याच्या मागच्या बाजूने पत्र्याला आधार देतो, आणि बिट किती खोल जाईल हे ठरवणारा अडसर असतो. हाताचा जोर, कलणे आणि आरपार जाणे या तिन्ही चुका यंत्रच टाळते. ज्या ठिकाणी ड्रिल मावत नाही, तेथे दहा मिलिमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्ट्याचा बेल्ट सँडर उपयोगी पडतो. तो ठिपक्यावर टेकवून वरचा पत्रा कागदाएवढा पातळ होईपर्यंत घासला की ठिपक्याची कड निळसर वलयाच्या रूपाने दिसू लागते आणि मग पुढे घासणे थांबवता येते. साध्या अँगल ग्राइंडरनेही हे करता येते, पण त्याची चकती रुंद असल्यामुळे शेजारचा पत्रा पातळ होण्याची भीती असते आणि पातळ पत्रा उष्णतेने लगेच वाकतो.

शेवटी लागते ती पातळ धारेची छिन्नी. गाठ कापल्यानंतरही सांध्यात गंज, सीलर आणि रंग यांची पकड उरते; त्यासाठी सुरीसारख्या पात्याची, लांब मुठीची छिन्नी दोन पत्र्यांच्या मधे सरकवून हलक्या हातोडीने पुढे नेली जाते. एखाद्या जागी ती अडली, तर जोर वाढवायचा नसतो; तेथे ठिपका अर्धवट कापला गेला आहे असे समजून पुन्हा ड्रिल लावायचे असते. जाड छिन्नीने सांधा सरळ फाडणे आणि गॅस कटिंगच्या ज्योतीने पत्रा कापणे हे दोन जुने मार्ग झटपट वाटतात, परंतु पहिल्याने ठेवायची कड दुमडते आणि चिरते, तर दुसऱ्याने आजूबाजूचा वीतभर पत्रा तापून लाटांसारखा वाकतो आणि पोकळीतला डांबरी लेप पेट घेऊ शकतो.

वेग, दाब आणि क्रम

हत्यार योग्य असूनही काम बिघडते ते बहुधा घाईमुळे. आठ मिलिमीटरचे बिट मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरले तर त्याच्या कडेचा वेग मिनिटाला सुमारे पंचवीस मीटर होतो, आणि सौम्य पोलादासाठी तो पुरेसा असतो. त्याहून वेगाने फिरवले की बिट कापण्याऐवजी घासू लागते, तापते, निळे पडते आणि त्याची धार जाते. म्हणून वेग कमी, दाब स्थिर आणि टोकाला कटिंग ऑइलचा एखादा थेंब, ही या कामाची त्रिसूत्री मानली जाते. बिटातून लांब वळसे घेतलेला कीस बाहेर पडत असेल तर धार नीट चालली आहे. बारीक भुकटी पडू लागली की बिट बोथट झाले असे समजावे. वरचा पत्रा संपत आला की किसाचा रंग आणि आवाज बदलतो, कधी दोन पत्र्यांमधल्या गंजाची तांबूस धूळ वर येते, आणि नेमक्या त्या क्षणी हात थांबणे यातच कारागिराची परीक्षा असते.

जुन्या गाड्यांचा पत्रा साधारण १८ ते २२ गेजचा, म्हणजे सुमारे सव्वा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा आणि सौम्य पोलादाचा असल्याने तो साध्या बिटांना दाद देतो. गेल्या काही दशकांतील गाड्यांमध्ये दारांच्या खांबांसाठी बोरॉनयुक्त, अतिशय कठीण पोलाद वापरले जाते. त्यावर साधे बिट काही सेकंदांत निकामी होते आणि कार्बाइडचे बिट लागते.

मोनोकॉक गाडीत पहिला ठिपका कापण्याआधी कवचाला आधार देणे बंधनकारक मानले पाहिजे. दारांच्या चौकटीत चौकोनी पाइपांचे तिरपे टेकू तात्पुरते वेल्ड करणे, गाडी चार समान उंचीच्या स्टँडवर ठेवणे, चौकटीची कर्णरेषांची मापे घेऊन लिहून ठेवणे आणि एका वेळी एकाच बाजूची सिल काढणे, या क्रमाने काम केले तरच नवा पत्रा बसवल्यावर दार पूर्वीसारखे लागते. काढलेला गंजका पत्राही लगेच भंगारात देऊ नये. त्याची वळणे, भोकांच्या जागा आणि ठिपक्यांमधली अंतरे हाच नव्या तुकड्याचा नकाशा असतो, आणि ज्या गाड्यांचे तयार पत्रे बाजारात मिळत नाहीत त्यांच्यासाठी तो एकमेव नमुना असतो.

पत्रा सुटल्यावर उघडी पडलेली कड घासून स्वच्छ करून तिच्यावर जस्तयुक्त प्रायमर लावला जातो, जो वेल्डिंगची उष्णता सहन करून फटीत गंजाला अटकाव करतो. नव्या पत्र्याच्या कडेला मूळ ठिपक्यांच्याच ओळीत आठ मिलिमीटरची भोके पाडून ती मिग वेल्डिंगने, म्हणजे अखंड पुढे सरकणाऱ्या तारेने आणि वायूच्या संरक्षणाखाली केल्या जाणाऱ्या वेल्डने भरली जातात. याला ‘प्लग वेल्ड’ म्हणतात. घासून सपाट केला की तो कारखान्यातल्या ठिपक्याच्या जवळ जातो. येथेच उकलण्याच्या कामाचे मोल दिसते : खालचा पत्रा भोकाविना राहिला असेल तर प्लग वेल्डला टेकायला भक्कम तळ मिळतो, आणि तो चाळणी झाला असेल तर वितळलेले पोलाद आरपार गळून पडते.

सुरक्षिततेचे नियम

पत्र्याच्या कामात अपघात क्षणात होतात. काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवणे आणि पेट्रोलची टाकी व नळ्या गाडीतून काढून दूर ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत उरलेली वाफ भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक धोक्याची असते. बिट आरपार जाताना पत्र्यात अडकून मशीन हाताला पीळ देते, म्हणून बाजूची मूठ लावूनच ती धरावी. सैल बाह्या आणि गळ्यातला गमछा फिरत्या बिटाजवळ असू नये. डोळ्यांवर बंद चष्मा, पत्रा हाताळताना हातांत जाड मोजे आणि घासताना तोंडावर मास्क असणे गरजेचे आहे, कारण जुन्या रंगांत शिशाचे अंश असू शकतात आणि जस्ताचा थर तापल्यावर निघणारा धूर फुप्फुसांना बाधतो.

गावातला कारागीर आणि जुन्या गाडीचे भविष्य

स्पॉट वेल्ड मारणारे यंत्र एका क्षणी प्रचंड प्रवाह ओढते, त्यामुळे सिंगल फेजच्या आणि वारंवार दाब उतरणाऱ्या ग्रामीण विजेवर ते चालवणे कठीण असते. ठिपके उकलण्याची हत्यारे मात्र याच्या अगदी उलट आहेत : पाच-सातशे वॉटची हातड्रिल, दोन-तीन चांगली बिटे, एक पंच, एक पातळ छिन्नी आणि हातोडी एवढ्यावर सापगावसारख्या गावातल्या लहान गॅरेजमध्येही हे काम शहरातल्या वर्कशॉपइतक्याच नेटकेपणाने होऊ शकते. भांडवल थोडे लागते, संयम मात्र पुष्कळ लागतो. आयटीआयच्या एक वर्षाच्या वेल्डर अभ्यासक्रमात जोडण्याची विद्या शिकवली जाते. तिच्या जोडीला ठिपके शोधणे, उकलणे आणि मूळ पत्र्यावरून नमुना घेणे ही विद्या तितक्याच गांभीर्याने शिकवली गेली, तर शहापूर-मुरबाडच्या तरुण पत्रा कारागिराला (डेंटरला) जवळच एक नवे कार्यक्षेत्र मिळू शकेल.

या कामाला आता कायद्याचेही कारण आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट मिळू शकते, परंतु त्यासाठी गाडी मूळ रूपात जपलेली असावी आणि तिच्या चासीत, बॉडीच्या कवचात किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. १९७४ नंतरच्या पहिल्या पद्मिनी याच काळात पन्नाशी गाठत आहेत. मुंबईत वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आणि लाखो प्रवाशांच्या परिचयाची ती गाडी आता खासगी जतन करणाऱ्यांच्याच हाती उरली आहे. अशा गाडीचे कवच घिसाडघाईने कापून जोडले तर तिचे मूळपण तेथेच संपते. एकेक ठिपका उकलून, मूळ ओळ राखून ती दुरुस्त केली तर तिचे रूप आणि तिच्या घडणीचा पुरावा दोन्ही टिकतात. कुर्ल्याच्या कारखान्यातील कामगारांनी मारलेले ते ठिपके महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचा भाग आहेत, आणि ते उकलणाऱ्या कारागिराला त्या इतिहासाचा जतनकर्ता म्हणून मान, प्रशिक्षण आणि योग्य मोबदला मिळणे हे समाजाचे कर्तव्य आहे.